गंजभाऊंची तीन अक्षरं

ज्या माणसाबद्दल हे लिहितो आहे, त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. चूक माझ्या हातून झाली होती, ठपका त्यांच्यावर आला, आणि मी तिथेच उभा असून तोंड उघडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे त्यांच्याबद्दल मी जे प्रेमाने लिहीन, ते वाचताना तुम्हाला मी बरा माणूस वाटेन, आणि तसं वाटू नये.

भामरागडकडच्या एका निवासी शाळेत मी तेव्हा इंग्रजी शिकवत होतो. गंजभाऊ तिथले स्वयंपाकी. भात शिजवायच्या मोठ्या पातेल्याला आमच्या भागात गंज म्हणतात, आणि त्या गंजामागे सकाळ-संध्याकाळ उभा असलेला माणूस म्हणून पोरांनी त्यांना हे नाव दिलं होतं. मूळचे ते सिंदेवाहीकडच्या एका तलावाच्या गावचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. शिक्षण चौथीपर्यंत. अंगात बनियन, खांद्यावर दुपट्टा, आणि डोळे सतत कुठल्या तरी छापील कागदावर.

मी रुजू झालो त्याच आठवड्यातली गोष्ट. ताट घेऊन उभा होतो, तर ते भात ढवळता ढवळता म्हणाले, “गुरुजी, इंग्रजीचे तीन अक्षरं सांगा. कोणतेबी.”

मी गंमत म्हणून म्हटलं, “पी, एच, टी.”

त्यांनी झारा एकदा फिरवला. “हॉस्पिटल.” आणखी एकदा फिरवला. “टेलिफोन. टूथपेस्ट. आनखी पायजे का?”

“आणखी आहेत?”

“फॉस्फेट हाये ना जी. खताच्या पोत्यावर.”

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला माणूस. बराच विचार करून मला एक ‘फोटो’ सापडला, तोही त्यांचं हसू बघून घाईघाईत. मी म्हटलं, हॉस्पिटलमध्ये ही अक्षरं एकामागे एक कुठे आहेत? तर म्हणाले, “मागं-पुढं बसले तं का झालं? पंगतीत हाये ना तिघंबी?”

हा त्यांचा खेळ होता. कोणतीही तीन अक्षरं द्या, ती ज्याच्या पोटात आहेत असा इंग्रजी शब्द ते काढून देत. आणि हे शब्द आले कुठून? पोत्यांवरून, डब्यांवरून, औषधांच्या खोक्यांवरून. स्वयंपाकघरात चुलीपासून लांब त्यांनी एक तार बांधली होती. तांदळाचं पोतं रिकामं झालं की त्यावरचा छापील भाग कापून ते तारेवर अडकवत. मिठाची पुडी, साबणाचं वेष्टन, बल्बचं खोकं, गजकर्णाच्या मलमाची डबी ज्यात आली ती पेटी, सगळं तारेवर. वाळत घातलेल्या सुकटीसारखी ती रांग दिसायची. मुख्याध्यापक एकदा ओरडले, “हा कचरा काढा.” गंजभाऊ “हो जी” म्हणाले आणि तार दोन हात वर सरकवली.

शोधायची त्यांची रीतही होती. मी शब्दकोश पाठ केलेल्या माणसासारखा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायचो आणि अडकायचो. ते म्हणत, “गुरुजी, पयले अडचणीचं अक्षर धरा. ए, ई तं कुठीबी भेटते. झेड दिसला का त्याच्या मागं जा. झेडवाले असतेतच किती?” एकदा मी मुद्दाम झेड, एन, सी दिलं. मनात म्हटलं, आता बघू. ते म्हणाले, “झिंक,” आणि थांबले. मला आनंद झाला. मग तारेकडे न बघताच म्हणाले, “आन् बेंझॉइक.”

बेंझॉइक हे त्या मलमावर छापलेलं होतं. त्यांनी विचारलं, “याचा अर्थ का होते जी?” मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची सवय शिक्षकाला नसते. मी म्हटलं, “एक प्रकारचं फूल असतं.” गंजभाऊंनी डबी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “फुलाचं मलम? मंग असा घोड्यावानी वास काऊन येऊन राह्यला?” ताटं घेऊन उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. मी दुसऱ्या दिवशी शब्दकोशात अर्थ पाहिला, पण त्यांना सांगितला नाही. पुढे जे झालं त्याच्या मानाने हे काहीच नाही. पण आता मागे बघतो तेव्हा वाटतं, माझ्या लपवालपवीची सुरुवात तिथूनच झाली होती.

अर्थ माहीत नसताना शब्द जमवून काय मिळतं, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “तलावातल्या सगळ्या मासोळ्याईचे नावं कोणाले माहीत राह्यते? पर कोनती कोनत्या जाळ्यात येते, हे तं माहीत राह्यते.”

पोरांना इंग्रजी मी शिकवत होतो, पण पोरं इंग्रजी शिकत होती जेवणाच्या रांगेत. रांग लागली की गंजभाऊ तीन अक्षरं सांगत. गंजाशी पोचेपर्यंत प्रत्येकाने एक शब्द शोधायचा, आणि तो पुढच्याने आधी सांगितलेला नको. नाही सापडला तरी भात तेवढाच मिळे. फक्त ते म्हणत, “आज भात घे, शब्द उद्या आन.” साहजिकच सगळी धाव पुढे उभं राहायला, कारण सोपे शब्द आधी संपत. एकटी सुमन मुद्दाम शेवटी उभी राहायची. सहावीतली मुलगी, घरी गोंडी बोलणारी, माझ्या तासाला कधी मान वर न करणारी. पन्नास-साठ शब्द होऊन गेल्यावर उरलेला शब्द शोधायचा, यातच तिला मजा वाटे. तिने शब्द सांगितला की गंजभाऊ झारा कपाळाला लावून तिला सलाम ठोकत. “घ्या बाई, खरवड तुमची!” आणि बुडाची खरपूस खरवड तिच्या ताटात पडे.

गंजभाऊ नऊ वर्षं रोजंदारीवर होते. कायम करायच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. ते फार बोलत नसत, पण मला एकदा म्हणाले होते, “कायम झालो का घरवालीले इथी आनतो, गुरुजी. तिनं मले वर्सातून दोनदा पाह्यलं तं पाह्यलं.”

त्या वर्षी शाळांसाठी इंग्रजी शब्दशोधाची स्पर्धा निघाली. तीन-तीन अक्षरांचे संच द्यायचे, ती अक्षरं असलेले जास्तीत जास्त शब्द मुलांनी लिहायचे. पहिली फेरी ज्या त्या शाळेत, दुसरी गडचिरोलीला. पत्रक वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर जेवणाची रांग आली. मी सुमनसह पाच मुलांची नावं दिली आणि मार्गदर्शक शिक्षक म्हणून माझं नाव लिहिलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, ही पोरं एवढी तयार कशी? मी म्हटलं, “माझी एक पद्धत आहे.” गंजभाऊ तेव्हा चहा घेऊन आत येत होते. त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी कप ठेवला आणि गेले.

आमच्याकडे पावसात नदी चढली की रस्ता बंद होतो. म्हणून पहिल्या फेरीचं पाकीट आधीच पाठवून देण्यात आलं होतं. डिंकाने चिकटवलेलं, तोंडावर आडवी सही. मुख्याध्यापकांनी ते माझ्याकडे दिलं आणि ऑफिसच्या कपाटात ठेवायला सांगितलं. पण ऑफिसचं छत गळत होतं, कपाटात पाणी जात होतं. शाळेत एकच कोरडी जागा होती, ती म्हणजे स्वयंपाकघरातली तांदळाची पत्र्याची कोठी. मी कोणाला न विचारता पाकीट तिच्यात ठेवलं.

पंधरा दिवसांनी काढलं तर स्वयंपाकघरातल्या वाफेच्या सर्दाव्याने डिंक सुटला होता. पाकिटाचं तोंड उघडं. मी आतला कागद पाहिला नाही, हे देवाशपथ सांगतो. पण आता सांगून त्याचा काय उपयोग? त्या वेळी मला एवढंच सुचलं की हे कोणाला दिसता कामा नये. मी इकडे तिकडे डिंक शोधू लागलो. गंजभाऊ भात उतरवत होते.

“का शोधून राह्यले जी?”

“पाकीट सुटलं. चिकटवायचं होतं.”

“मंग भात हाये ना. घ्या.” त्यांनी झाऱ्याच्या टोकावर चार शितं दिली. मी ती बोटाने चुरडून पाकीट चिकटवलं. ते हसून म्हणाले, “आता कोणाच्या बापाच्यानं नाई निघत.”

पाकीट दुसऱ्या कडेने कापून पहिली फेरी झाली. पाच मुलांनी पानंच्या पानं भरली. मी कागद गठ्ठ्यात बांधून, पाकिटासकट, गडचिरोलीला पाठवले.

पर्लकोटा नदीचं पाणी उतरल्यावर स्पर्धेचे दोन परीक्षक शाळेत आले. त्यांच्या हातात ते पाकीट होतं. आमच्या पोरांनी जिल्ह्यात कुणी लिहिले नव्हते इतके शब्द लिहिले होते, आणि शब्दही कसे? पाठ्यपुस्तकात नसलेले. खतांचे, औषधांचे, कीटकनाशकांचे. पाचही जणांचे बरेचसे तेच. परीक्षकांना संशय आला म्हणून त्यांनी पाकीट बारकाईने पाहिलं, तर सहीचे दोन भाग नीट जुळत नव्हते आणि आत एक वाळलेलं शीत चिकटलेलं होतं.

आम्हाला सगळ्यांना स्वयंपाकघरासमोर उभं केलं. पोरांना विचारलं, हे शब्द कोणी शिकवले? पोरं खरं बोलली. “गंजभाऊनं.” परीक्षक एकमेकांकडे बघून हसले. माझ्याकडे वळून एकाने विचारलं, “स्वयंपाकी इंग्रजी शिकवतो का हो तुमच्याकडे? मग तुम्ही काय करता?” मी कसनुसा हसलो.

गंजभाऊ पुढे आले. “सायेब, पाकिटाचं सोडा. पोराईले आत्ताच अक्षरं देऊन पाहा ना. कोणतेबी द्या.” एकाने सुमनला तीन अक्षरं सांगितली. तिने तोंड उघडलं, आणि तिला रडूच फुटलं. परीक्षक म्हणाले, “बघा.”

मग मुख्याध्यापकांनी पाकीट गंजभाऊंच्या समोर धरलं. “हे शीत कोणाच्या गंजातलं?”

“माह्याच गंजातलं जी.”

“पाकीट तू फोडलं?”

“म्या नाई फोडलं.”

“मग कोणी?”

गंजभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतं हे आपल्याला माहीत असतं आणि आपण तो हात वर करायची वाट बघतो, तसं. ते वाट बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी पायाखालच्या चिखलाकडे बघत राहिलो. माझी चंद्रपूर जिल्ह्यात बदली व्हायची होती, फाईल वर गेलेली होती. पाकीट कोठीत ठेवलं, सुटलेलं पुन्हा चिकटवलं, आणि पोरांना शिकवलंही मी नाही. एक सांगितलं की तिन्ही बाहेर येणार. मी तिन्ही लपवली.

परीक्षकांनी आमची फेरी रद्द केली. ते गेल्यावर मुख्याध्यापक मला हळूच म्हणाले, “रोजंदारीचा आहे ते बरं. कायमचा असता तर चौकशीचे कागद वाढले असते.” गंजभाऊंना सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

त्या संध्याकाळचा भात त्यांनीच शिजवला. रांग लागली, पण अक्षरं सांगितली गेली नाहीत. सुमन त्या दिवशी सगळ्यांत पुढे उभी होती. भात घेतला आणि एक शब्द न बोलता गेली. सकाळी पहिल्या बसने गंजभाऊ गेले. मी खोलीतून बघत होतो. निरोप द्यायला गेलो नाही. तारेवरचे कागद तसेच होते. नवीन स्वयंपाकी आला आणि त्याने ते एकेक करून चुलीत घातले.

माझी बदली गडचांदूरकडे झाली. तिथे सिमेंटचे ट्रक दिवसभर जातात, आणि प्रत्येक पोत्यावर काहीतरी छापलेलं असतं. बारा वर्षं मी त्या पोत्यांकडे बघायचं टाळलं. बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. कधी कधी स्वतःला समजावायचो की मी तर काही खोटं बोललो नाही, फक्त गप्प राहिलो. हे समजावणं कधी दुपारपर्यंतही टिकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात रक्तदाब वाढला म्हणून चंद्रपूरच्या एका दवाखान्यात गेलो होतो. दंडाला पट्टा बांधणारी नर्स माझ्याकडे टक लावून बघत होती. “सर, ओळखलं का? मी सुमन.” मला खरंच आनंद झाला. घरचं विचारलं, नोकरीचं विचारलं. मग ती पट्ट्याची हवा सोडत खालच्या आवाजात म्हणाली, “सर, एक विचारू? गंजभाऊनं खरंच पाकीट फोडलं होतं का?”

मी बाहीची घडी खाली सोडू लागलो. तिला वाटलं, मला आठवत नाही.

“मी अजूनही गोळ्यांचं खोकं उघडलं का अक्षरं पाहते, सर. सवयच आहे ती. शब्द सापडते, बरं वाटते. आन् मंग आठवते का ते सारं चोरीचं होतं. मंग लाज वाटते.”

बारा वर्षं ती माझी लाज वाहत होती. मी तिला तिथेच, त्या स्टुलावर बसून, सगळं सांगितलं. शेवटी तिने वहीत माझा रक्तदाब लिहिला आणि म्हणाली, “मले काऊन सांगता सर? त्याईले सांगितलं का?” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्याच आठवड्यात मी सिंदेवाहीला उतरलो आणि गाव विचारत गेलो. गंजभाऊ अंगणात बसले होते. केस पूर्ण पांढरे, अंग वाळलेलं. मला पाहून उठले. “या जी गुरुजी. बसा. पानी आन वं,” त्यांनी आत हाक दिली. मी बसलो नाही. उभ्यानेच बोलायला लागलो. दोन वाक्यांत त्यांनी मला हाताने थांबवलं.

“मले काऊन सांगून राह्यले? मले तं माहीतच हाये ना.”

“तुम्ही तेव्हा माझं नाव का नाही घेतलं, भाऊ?”

“घेतलं असतं आन् तुमी नाई म्हणले असते तं? स्वयंपाक्याचं कोण आयकते? मले वाटलं, तुमी बोलसान. सांजेपर्यंत वाटत होतं.”

त्यांची बायको पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी राहिली होती. तिने तो मला दिला नाही, ओट्यावर ठेवला.

“तुमीच का ते इंग्रजीचे गुरुजी?” ती म्हणाली. “मंग आयका. हे घरी आले आन् त्याईच्या मागं-मागं बात आली का परीक्षेचा पेपर फोडला म्हणून काढून देल्लं. मासेमारीच्या सोसायटीत याईले सचिव करनार होते, लिहिता-वाचता येते म्हणून. नाई केलं. आजबी सोसायटीचा कागद याईच्या हाती देत नाईत. आन् हे? घरात कागुद आला का पयले चुलीत घालते. पुडीचाबी ठेवत नाई.”

गंजभाऊ म्हणाले, “जाऊ दे ना वं.”

“काऊन जाऊ द्यू? बारा वर्सं जाऊच देल्लं ना!” ती माझ्याकडे वळली. “गुरुजी, माफी अंगनात मांगून कोणाले आयकू येते? पारीवर लोकं बसले हायेत सारे, जाळे काढून. तिथी चला.”

मी गंजभाऊंकडे पाहिलं. वाटलं, ते म्हणतील, राहू द्या. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि चालू लागले.

तलावाच्या पाळीवर, जिला ते पार म्हणतात, तिथे पंधरा-वीस माणसं होती. कुणी मासोळ्यांचे वाटे घालत होतं, कुणी नुसतंच बसलेलं. गंजभाऊ कडेला उभे राहिले, त्यांची बायको त्यांच्या पुढे. कुणीतरी विचारलं, “कोण पाव्हने जी?” मला वर्गात उभं राहून बोलायची पंचवीस वर्षांची सवय, पण पहिलं वाक्य नीट बाहेरच आलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, “जरा मोठ्यानं बोला.”

मी मोठ्याने बोललो.

“मी यांच्या शाळेतला मास्तर. यांनी पेपर फोडला नाही. पाकीट चुकीच्या जागी मी ठेवलं होतं, ते सुटल्यावर मी चिकटवलं आणि विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. माझी नोकरी राहिली, यांची गेली. ती पोरं जे इंग्रजी शिकली तेही यांनीच शिकवलेलं, मी नाही. भाऊ, बाई, तुमचा मी अपराधी आहे. मला माफ करा. आणि नाही केलंत, तरी हे खरं आहे.”